कार्डाखालचा कचरा मुठीत घेऊन बघा

सूतगिरणीतलं कार्ड म्हणजे कापूस विंचरणारं यंत्र, आणि आत येणाऱ्या मालाला त्यात सर्वांत आधी लागणारा दातेरी रूळ म्हणजे लिकर-इन. त्याच्याखाली पडणाऱ्या कचऱ्याची, म्हणजे ड्रॉपिंगची, एक मूठ घ्या आणि काळ्या कागदावर पसरा. मशीन बंद करून, सिलिंडर (कार्डाचा मुख्य, तारेच्या दातांचा मोठा रूळ) पूर्ण थांबल्यावरच. स्विच बंद केल्यावरही सिलिंडर बराच वेळ फिरत राहतो, त्यामुळे झाकण उघडायची घाई जिवावर बेतते. आता त्या मुठीकडे बघा. रंग तपकिरी-काळपट, पत्तीचा चुरा, आखूड लव चिकटलेली सरकीची टरफलं, माती. दोन बोटांत धरून ओढलं तर लगेच सुटणारं. असं असेल तर लिकर-इन आपलं काम करतोय. पण मूठ पांढरी, फुगीर असेल, दाबून सोडल्यावर पुन्हा फुलत असेल आणि ओढल्यावर बोटाच्या पेराएवढे तंतू हाती येत असतील, तर ती रुई आहे. ती विकत घेतली, जिनिंगमधून आणली, ब्लोरूममधून (कापूस मोकळा आणि साफ करणाऱ्या खात्यातून) फिरवली आणि शेवटी कचऱ्याच्या गाठीत बांधली.

बऱ्याच सूतगिरण्यांत रोजच्या रिपोर्टवर एकच आकडा असतो, कार्डिंग वेस्ट इतके टक्के. तो खाली आला की सगळे खूश. पण हा आकडा एकटा वाचला तर फसवतो. समजा एका कार्डाचं लिकर-इन ड्रॉपिंग १.५ टक्के आहे आणि त्यात रुई ३० टक्के. म्हणजे मूळ मालातली ०.४५ टक्के रुई गेली आणि १.०५ टक्के कचरा निघाला. शेजारच्या कार्डाचं ड्रॉपिंग १.१ टक्केच, पण त्यात रुई ५५ टक्के. तिथे ०.६ टक्के रुई गेली आणि कचरा निघाला जेमतेम ०.५ टक्के. रिपोर्टमध्ये दुसरं कार्ड चांगलं दिसतं. खरं तर ते रुईही जास्त खातंय आणि घाणही पुढे सोडतंय. म्हणून वेस्ट कमी करायला निघालेल्या माणसाने आधी एवढं ठरवावं, की कमी करायची आहे ती कचऱ्यातली रुई. कचरा निघालाच पाहिजे.

त्यासाठी मोजमाप कार्डागणिक आणि जागेगणिक हवं. मध्यवर्ती सक्शनमध्ये सगळ्या कार्डांचा आणि सगळ्या जागांचा माल एकत्र होतो, त्यातून काहीच कळत नाही. ज्या कार्डाची चाचणी घ्यायची त्याच्या लिकर-इनच्या आणि फ्लॅटच्या (सिलिंडरवर सरकणाऱ्या, बारीक तारांच्या पट्ट्यांच्या) सक्शन पाइपला वेगवेगळी जाळीची पिशवी लावा. पिशवीमुळे हवेला अडथळा होतो, म्हणून मॅनोमीटरवर (हवेचा दाब मोजायच्या उपकरणावर) दाब आधी आणि नंतर बघा. फरक पडला तर चाचणीचा आकडाच खोटा. चाचणीआधी कार्ड साफ करा, चार तास सलग चालवा, स्लायव्हरचे (कार्डातून निघणाऱ्या तंतूंच्या दोरीचे) कॅन वजन करा. उदाहरणार्थ, ताशी ६० किलोच्या कार्डावर चार तासांत २४० किलो स्लायव्हर, लिकर-इन ड्रॉपिंग ३ किलो, फ्लॅट स्ट्रिप (फ्लॅटमध्ये अडकून निघालेला माल) ५ किलो, सिलिंडरच्या सुऱ्या आणि बाकी सक्शन मिळून १.४ किलो. एकूण माल २४९.४ किलो. म्हणजे लिकर-इन १.२, फ्लॅट २.०, इतर ०.५६, एकूण ३.७७ टक्के. हवेबरोबर उडालेली बारीक धूळ आणि सुकलेला ओलावा यात येत नाही. मग ड्रॉपिंगचा १०० ग्रॅम नमुना ट्रॅश अ‍ॅनलायझरमधून काढून रुई किती, कचरा किती ते बघा. अ‍ॅनलायझर नसेल तर काळ्या कागदावर चिमट्याने वेगळं करा. वेळ लागतो, पण कार्डाकार्डांमधला फरक तेवढ्यानेही स्पष्ट दिसतो.

आता रुई का पडते ते बघू. इथे जरा थांबायला हवं, कारण निम्म्याहून जास्त दुखणं फीडजवळ असतं. फीड रोलर आणि फीड प्लेट मिळून मालाची कडा घट्ट धरतात आणि लिकर-इनचे दात त्या कडेतून तंतू विंचरून काढतात. पकड ढिली असेल तर तंतू विंचरले जात नाहीत, पुंजकाच उपटून येतो. असा पुंजका दातात नीट बसत नाही, वेगाने फिरताना बाहेर फेकला जातो आणि मोट नाइफच्या (लिकर-इनखाली कचरा वेगळा करणाऱ्या सुरीच्या) फटीतून थेट खाली जातो. फीड रोलरचा दाब दोन्ही बाजूंना सारखा आहे का, स्प्रिंग थकली आहे का, रोलरच्या टोकांना सूत गुंडाळलं आहे का, हे आधी बघा. फीड प्लेट ते लिकर-इन अंतर आपल्या २८ ते ३० मिमी लांबीच्या कापसाला साधारण ०.४५ ते ०.७० मिमी, म्हणजे १८ ते २८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). मात्र थाऊच्या आकड्यापेक्षा पकडीच्या जागेपासून पहिला दात लागतो तिथपर्यंतचं अंतर महत्त्वाचं. ते तंतूच्या लांबीपेक्षा फार मोठं झालं तर पुंजके उपटले जातात, फार लहान केलं तर तंतू तुटतात. तुटलेले आखूड तंतू मग फ्लॅटमध्ये आणि कोंबरमध्ये (आखूड तंतू काढणाऱ्या पुढच्या यंत्रात) वेस्ट म्हणून निघतात. इथला तोटा दुसऱ्याच खात्याच्या नावावर चढतो, म्हणून तो पटकन ध्यानात येत नाही.

च्यूटमधून (कार्डाला माल पुरवणाऱ्या उभ्या पेटीतून) येणारी बॅट, म्हणजे कापसाचा थर, एका बाजूला जाड आणि एका बाजूला विरळ असेल तर गेज कितीही अचूक लावलं तरी उपयोग नाही. जाड भाग धरला जातो, विरळ भाग निसटतो. च्यूटच्या बाजूच्या पट्ट्या, पंख्याची हवा आणि जाळी तपासा. ड्रॉपिंगमध्ये पांढरे पुंजके फक्त एकाच टोकाला पडत असतील तर दुखणं बहुतेक इथेच असतं.

त्यापुढे मोट नाइफ. सुरी आणि फीड प्लेट यांच्यामधली उघडी जागा मोठी केली की ड्रॉपिंग वाढतं, लहान केली की कमी होतं. बऱ्याच मशीनवर त्यासाठी आकडे असलेलं नॉब असतं. वेस्ट कमी करा असा निरोप आला की पहिला हात त्या नॉबवरच जातो, आणि तिथेच चूक होते. पकड सुधारल्याशिवाय फट बंद केली तर रुईबरोबर पत्ती आणि टरफलंही आत राहतात, फ्लॅटवर भार येतो, सिलिंडरच्या तारेत कचरा अडकतो. आधी पकड, मग सुरीची धार आणि लिकर-इनपासूनचं अंतर, शेवटी फट, असा क्रम ठेवा. सुरीची कड बोथट झाली किंवा तिच्यावर चिकट थर बसला तर हवेचा प्रवाह नीट कापला जात नाही आणि चांगला तंतू कडेवरून खाली घसरतो. ओला किंवा मधासारखा चिकट कापूस चालवला असेल तर ही कड रोज पुसावी लागते.

आणखी एक जागा सहसा कोणी बघत नाही, लिकर-इन ते सिलिंडर. इथे ७ ते ८ थाऊ लागतात. अंतर वाढलं किंवा सिलिंडरचा पृष्ठवेग लिकर-इनच्या तुलनेत कमी पडला तर तंतू पूर्ण उचलला जात नाही, लिकर-इनबरोबर पुन्हा फिरतो आणि दुसऱ्या फेरीत सुरीखाली पडतो. हिशेब सोपा आहे. २५० मिमी व्यासाचा लिकर-इन १००० फेऱ्यांनी मिनिटाला ७८५ मीटर चालतो. १२९० मिमीचा सिलिंडर ४५० फेऱ्यांनी सुमारे १८२४ मीटर. गुणोत्तर २.३, ठीक आहे. सफाई वाढावी म्हणून फक्त लिकर-इनचा वेग वाढवला आणि हे गुणोत्तर २ च्या खाली गेलं, तर ड्रॉपिंग पांढरं होणारच.

सक्शन जास्त झालं तरी नुकसान, कमी पडलं तरी नुकसान. दाब गरजेपेक्षा जास्त असेल तर फटीतून चांगला तंतूही ओढला जातो. कमी असेल तर फ्लॅटची स्ट्रिप सुटत नाही, लिकर-इनखाली ढीग साचतो आणि तोच पुन्हा मालात उडतो. मशीनच्या पुस्तकात दिलेला दाब त्या कार्डाच्या मुखाशी मोजा, पंख्याजवळ मोजून चालत नाही. रांगेतल्या पहिल्या आणि शेवटच्या कार्डाच्या दाबात तफावत असेल तर दोघांचं वेस्ट सारखं येणार नाही. फिल्टर चोंदला की पाळी संपेपर्यंत दाब हळूहळू उतरत जातो, म्हणून मोजणी पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा.

फ्लॅट स्ट्रिपकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. यात कचऱ्यापेक्षा रुईच जास्त असते, पण ती आखूड असते आणि तिच्यात नेप्स (तंतूंच्या बारीक गाठी) गुंतलेले असतात. ती काढणं हेच फ्लॅटचं काम. म्हणून इथे शून्याकडे जाण्यात अर्थ नाही. कार्डेड सुताला आणि कोंब्ड सुताला वेगळा हिशेब लावा. कोंब्डमध्ये पुढे कोंबर आखूड तंतू काढणारच असतो, तिथे स्ट्रिप थोडी कमी चालते. कार्डेडमध्ये कार्ड ही शेवटची चाळणी आहे.

स्ट्रिपचं प्रमाण मुख्यतः फ्लॅटच्या वेगावर ठरतं. पडताळायची एक साधी रीत आहे. फ्लॅट मिनिटाला २५० मिमी चालतात आणि दोन फ्लॅटमधलं अंतर ३६ मिमी धरलं तर तासाला सुमारे ४१७ फ्लॅट साफ होतात. ताशी ६० किलोच्या कार्डावर २ टक्के स्ट्रिप म्हणजे तासाला सव्वा किलो, म्हणजे फ्लॅटमागे सुमारे ३ ग्रॅम. लागोपाठ दहा स्ट्रिप हाताने काढून वजन करा. ३० ग्रॅमच्या आसपास आलं तर ठीक. ४५ आलं तर वेगाला हात लावू नका, दुसरीकडे शोधा. मग प्रत्येक स्ट्रिपचे डावा, मधला, उजवा असे तीन भाग करून वजन करा. एक बाजू जड निघाली तर सिलिंडर ते फ्लॅट गेज वाकडं आहे. कापसाला मागून पुढे १०, ९, ८, ८, ८ थाऊ हे नेहमीचं गेज आहे. ते दोन्ही टोकांना स्वतंत्र लावावं लागतं. थंड मशीनवर लावलेलं गेज तासाभराने सिलिंडर तापल्यावर थोडं कमी होतं, हेही धरून चला.

वेग तोच, गेज तेच, तरीही स्ट्रिप जड होत चालली असेल तर सिलिंडरकडे वळा. तार बोथट झाली किंवा डॉफरचं (सिलिंडरवरून तंतू उतरवून घेणाऱ्या रुळाचं) अंतर ४ ते ५ थाऊवरून ढळलं की तंतू डॉफरवर उतरत नाहीत, सिलिंडरवरच फिरत राहतात आणि दर फेरीला फ्लॅटमध्ये अडकतात. स्ट्रिप जाड, कापसाच्या पेळूसारखी दिसते. अशा वेळी फ्लॅटचा वेग कमी करून टक्का खाली आणणं म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर फोडणं. ग्राइंडिंग करा, म्हणजे तारेला धार लावा, आणि डॉफरचं अंतर नीट लावा. लिकर-इनच्या तारेचं आयुष्य तर सगळ्यांत कमी, कारण माती आणि टरफलं पहिल्यांदा तीच झेलते. दाताचं टोक भिंगाखाली गोल दिसू लागलं की बदला, किती टन झाले त्याची वाट बघू नका.

जुन्या पद्धतीच्या, फ्लॅट सिलिंडरच्याच दिशेने चालणाऱ्या कार्डावर आणखी एक हत्यार आहे, समोरच्या प्लेटची वरची कड. ती सिलिंडरजवळ आणली की स्ट्रिप हलकी होते, दूर नेली की जड. एका वेळी दोन थाऊपेक्षा जास्त हलवू नका.

कापूसही बघायला हवा. हंगामाच्या पहिल्या वेचणीची रुई आणि फरदडीची (हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेल्या पिकाची) रुई एकाच सेटिंगवर चालवता येत नाही. फरदडीत अपक्व तंतू जास्त, पत्ती वाळून चुरा झालेली. नेप्सही वाढतात आणि फ्लॅटवरचा भारही. लॉट बदलला की वेस्टची चाचणी पुन्हा घ्या. खात्यात आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवा. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात ती सहज खाली जाते, तंतूत स्थिर वीज येते आणि कार्डाच्या बाजूंनी फ्लाय (सुटलेले बारीक तंतू) उडत राहतो.

पैशाचा हिशेबही मांडून ठेवा, कारण तार बदलायला मंजुरी तिथेच मिळते. ताशी ६० किलोची दहा कार्डं, रोज २२ तास, म्हणजे १३,२०० किलो. चांगली रुई अर्ध्या टक्क्याने वाचली तर रोज ६६ किलो. खंडीला (सुमारे ३५६ किलोला) ५७,००० रुपये धरले तर रुई किलोला १६०. वेस्ट ८० ला विकलं असं समजा. किलोमागे ८० रुपये, रोजचे ५,२८०, वर्षाच्या ३५० दिवसांत १८ लाख ४८ हजार. आपापले भाव घालून हा हिशेब करा.

स्लायव्हर तुटणं, कॅन बदलताना पडणारे तुकडे, सुरुवातीचं वेब (डॉफरवरून निघणारा तंतूंचा पातळ पडदा), हे सॉफ्ट वेस्ट परत मिक्सिंगमध्ये जातं म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण एकदा पिंजलेला तंतू दुसऱ्यांदा पिंजला की आखूड होतो आणि नेप्स वाढतात. ते थोडं-थोडं, सगळ्या मिक्सिंगमध्ये सारखं पसरून टाका. शनिवारी साचलेलं एकदम ओतू नका.

बदल एका वेळी एकच, एकाच कार्डावर. दाब, गेज, वेग यातले दोन एकदम हलवले तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. बदलाआधी आणि नंतर चार तासांची चाचणी, ड्रॉपिंगमधली रुई, स्लायव्हरमधले नेप्स आणि कचरा, सगळं एकाच पानावर लिहा. त्या कार्डाचे कॅन खूण करून वेगळे ठेवा आणि रिंगफ्रेमपर्यंत (सूत कातणाऱ्या यंत्रापर्यंत) वेगळेच चालवा. सुतातले नेप्स आणि जाड-बारीक जागा वाढलेल्या नाहीत असं दिसलं, की मगच गेज घेऊन पुढच्या कार्डाकडे जा.