शेवटचा 'यो'

आठव्या भागाचं रेकॉर्डिंग चालू होतं. कोरियन मालिका, मराठी डबिंग, संवाद माझे. माझे म्हणजे इंग्रजीवरून. मूळ कोरियन संहिता आमच्यापर्यंत कधीच येत नाही. इंग्रजी येते, आणि तिच्यात साहेबालाही 'यू', शिपायालाही 'यू'. कोणी कोणाला तू म्हणायचं नि कोणी तुम्ही, हे मी चेहरे बघून ठरवतो. पैसे मिनिटावर मिळतात, चेहरे बघण्याचे वेगळे नाहीत.

नायिका साहेबाला पहिल्या भागापासून विचारतेय, जेवलात का? तिकडेही विचारपूस जेवणावरूनच होते. पण 'जेवलात का' तिच्या तोंडावर बसेना. मूळ वाक्य 'बाम्मगस्सयो'. सुरुवातीलाच ओठ दोनदा मिटतात, आणि 'जेवलात'मध्ये ते मिटतच नाहीत. अर्धा दिवस घालवून 'पोटभर जेवलात ना?' जमवलं. 'प'ला मिटले, 'भ'ला मिटले, उच्चाराचे ठोकेही पाचाला पाच. अर्थ किंचित सरकला, सरकू दे. अशी ओळ वर्षातून एखादीच सापडते.

आठव्या भागात तीच ओळ आली आणि नायिकेला आवाज देणाऱ्या बाई तीन टेक लांब गेल्या. हेडफोन काढून म्हणाल्या, "अहो, 'ना' बाहेर पडतोय. तिचं बोलणं आधीच संपतंय."

"मग काढा 'ना', पुढे चला," दिग्दर्शक. ओठ जुळले की त्याच्या लेखी काम झालं.

मी मूळ आवाज परत लावायला सांगितला. 'बाम्मगस्सो'. शेवटचा 'यो' नव्हता. मला कोरियन येत नाही, पण 'यो' आदराचा, एवढं ऐकून ऐकून कळतं. म्हणजे नायिका इथे अहोवरून अरेवर आली होती! इंग्रजीत दोन्हीकडे तेच वाक्य, काडीचा फरक नाही.

"पोटभर जेवलास?"

चार ठोके. पहिल्याच टेकला बसलं, आणि न सांगता बाईंचा आवाजही खाली आला. साहेबाच्या उत्तरात 'यो' होता, म्हणून त्याला मी 'तुम्ही'वरच ठेवलं.

मराठी सबटायटल दुसरीकडे होतात. दोन ओळी, ओळीला साधारण 42 अक्षरं, हातात तीच इंग्रजी. तिथे अजून 'तुम्ही जेवलात का?' आहे. मूळ आवाजात बघणाऱ्याला 'यो' गेलेला ऐकू येणार आणि खाली 'तुम्ही' दिसणार. मी कळवलं. उत्तर आलं, फाइल लॉक झाली आहे.

रात्री घरी जुने भाग लावून बसलो. पाचव्यात जिन्यावर ती पाठमोऱ्या साहेबाकडे बघून एक वाक्य बोलते. त्यातही 'यो' नाही. कदाचित स्वतःशीच पुटपुटली असेल, स्वतःशी बोलताना 'यो' लागत नाही. पण तो जिन्यात थांबतो. मी ते वाक्य 'तुम्ही'त लिहिलंय, आणि तो भाग गेल्या महिन्यातच गेला.