एपिसेंटर जिंकला, मी नाही

रविवार, २८ ऑगस्ट २०२२, न्यू जर्सी

काल साराटोगाच्या रेसकोर्सवर एपिसेंटर नावाच्या घोड्याने ट्रॅव्हर्स ही मोठी रेस मारली. सव्वा मैलाची रेस आणि तीही सव्वापाच लेंग्थनी (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी), शेवटच्या शंभर यार्डात तर जॉकी नुसता बसून होता. गेले जवळपास चार महिने 'हाच बेस्ट' म्हणत ज्या घोड्यासाठी मी घसा कोरडा करतोय तोच हा. आणि माझे पैसे त्याच्यावर नव्हते. आता हे कुठेतरी लिहून ठेवतो, कारण बायकोला सांगायची सोय नाही.

मेमधली केंटकी डर्बी अजून डोक्यातून जात नाही. एपिसेंटर फेवरेट, एकाला चारचा भाव, मी विनवर, म्हणजे तो पहिलाच येणार यावर, पैसे लावलेले. स्ट्रेचमध्ये, म्हणजे शेवटच्या सरळ पट्ट्यात, तो पुढे आला, झँडन हा दुसरा घोडा बाजूला, मी सोफ्यावरून उठून उभा, आणि आतून रेलला, म्हणजे आतल्या कुंपणाला, चिकटून कोण हा २१ नंबरचा घोडा? रिच स्ट्राइक. आदल्या दिवशी सकाळी दुसरा एक घोडा स्क्रॅच झाला, म्हणजे रेसमधून काढला, म्हणून याला शेवटची जागा मिळाली, एकाला ऐंशीचा भाव, आधी तीस हजार डॉलरला क्लेम केलेला, म्हणजे विक्रीच्या स्वस्त रेसमधून उचललेला घोडा. पाऊण लेंग्थनी जिंकला. दोन डॉलरच्या तिकिटाला १६३ डॉलर ६० सेंट. याहून मोठ्या भावाचा विनर डर्बीत एकदाच आलाय, १९१३ चा डोनरेल. वर जिंकल्यावर हा पठ्ठ्या त्याला आवरायला आलेल्या आउटरायडरच्या घोड्याला चावत सुटला, म्हणजे नम्रपणा वगैरे काही भानगडच नाही.

सोमवारी ऑफिसात आमचा टेक्सासवाला आणि मी, जेवणाचा डबा उघडायच्या आधीच सुरू. मी म्हटलं रिच स्ट्राइकचं जिंकणं फ्लूक आहे, नुसतं नशीब. पेस बघ ना, सुरुवातीचा वेग, पहिला पाव मैल २१.७८ सेकंदात, डर्बीत इतका फास्ट कधीच झाला नव्हता, अर्धा मैल ४५.३६. सुरुवातीला पुढे पळणारा समर इज टुमॉरो सगळ्यात शेवटी, विसाव्या नंबरवर आला, क्राउन प्राइड तेरावा, मेसियर पंधरावा. पुढचे सगळे फुटले, मग अठराव्या नंबरवर आरामात रमतगमत येणाऱ्याला ताट वाढूनच दिलं की. तर तो म्हणाला, मागे काय रिच स्ट्राइक एकटाच होता का? बाकीच्यांना का नाही जमलं? आणि एपिसेंटर कुठे पुढच्या भांडणात होता, तोही आठव्या-बिठव्या नंबरवर बसूनच आला ना? मी म्हटलं, हो पण तो मूव्ह लवकर करून बसला, त्या पेसच्या मागे पहिली धडक त्यानेच मारली, त्याचं बिल त्यालाच भरावं लागलं. तो हसला. म्हणाला, २०१९ ला मॅक्झिमम सिक्युरिटी पहिला येऊनही स्ट्युअर्ड्सनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, खाली ढकलला आणि कंट्री हाउसला डर्बी दिली, हा निदान पहिला तरी आला, तेवढं मान्य कर.

नाही केलं मी मान्य.

पुण्याला बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांचं वेगळंच. बाबांनी निम्मं आयुष्य पुण्याच्या आणि महालक्ष्मीच्या स्टँडमध्ये काढलंय, हातात रेसचं पुस्तक आणि कानाला पेन्सिल. ते म्हणाले, "अरे, पैसे देणारा खिडकीवरचा माणूस तिकीट बघतो, तुझं मत नाही बघत." मग नेहमीचं सुरू झालं, की आमच्याकडे हँडिकॅप रेस असते, चांगल्या घोड्याच्या पाठीवर हँडिकॅपर, म्हणजे वजन ठरवणारा माणूस, शिसं चढवतो, रद्दी घोड्याला हलकं सोडतो, त्या हँडिकॅपरचं स्वप्नच हे की सगळे घोडे एकदम विनिंग पोस्टवर यावेत, मग त्यात बेस्ट कुठला शोधणार तू? मी म्हटलं बाबा, डर्बी हँडिकॅप नसते, सगळ्या कोल्ट्सना, म्हणजे तरुण नर घोड्यांना, सारखंच १२६ पौंड, म्हणजे सत्तावन्न किलो, तिथे तरी हा प्रश्न विचारायलाच पाहिजे ना. "विचार की," म्हणाले, "पण पैसे लावल्यानंतर नको विचारू."

हे मला तेव्हा झोंबलं होतं. खरं सांगायचं तर माझं तिकीट रिच स्ट्राइकवर असतं तर मी २१.७८ चं नावसुद्धा काढलं नसतं. उलट त्याचा जॉकी सॉनी लिऑनने त्याला कसा आतून काढला, मेसियरला वळसा घालून परत रेलवर कसा आणला, हेच सगळ्यांना ऐकवत बसलो असतो. आणि ते होतंच भारी. आदल्या दिवशी ओहायोतल्या एका छोट्या ट्रॅकवर घोडे पळवत होता तो. घोड्याचा ट्रेनर एरिक रीड, त्याच्या तबेल्याला २०१६ ला आग लागून तेवीस घोडे गेले होते. अशा माणसांच्या घोड्याला मी चार महिने फ्लूक म्हणतोय.

तरी मत तेच. दहा वेळा पळवा, सात-आठ वेळा एपिसेंटरच पुढे येईल. डर्बीनंतरच्या प्रीकनेस रेसला तो परत दुसरा आला तेव्हा टेक्सासवाल्याने नुसतं दोन बोटं दाखवली, त्यानंतरच्या बेलमाँट रेसला रिच स्ट्राइक सहावा आला तेव्हा मी सहा दाखवली. हिशोब तसाच लटकलेला.

मग काल. एपिसेंटर, झँडन, रिच स्ट्राइक, सगळे एकत्र, म्हणजे निकालच लागणार होता. आणि मी काय केलं? भाव बघितला. एपिसेंटरचा भाव इतका पडलेला की मी म्हटलं यात काय मिळणार, सगळ्या जगाला आता माझंच मत पटलंय. त्यात जुलैमध्ये मी मॉनमथ पार्कला हॅस्केल ही रेस बघायला गेलो होतो, तिथे सायबरनाइफ नावाच्या घोड्याने तायबा नावाच्या घोड्याला मानेच्याही कमी अंतराने पाडलेलं, १:४६.२४, ट्रॅक रेकॉर्ड, माझ्या डोळ्यांसमोर. डोळ्यांनी बघितलेला घोडा फार वाईट चीज. काल सायबरनाइफही पळणार होता, लावले त्याच्यावर, विनवर, प्लेसचा, म्हणजे दुसरा आला तरी पैसे देणाऱ्या तिकिटाचा, विचारही नाही केला.

सायबरनाइफ दुसरा. झँडन तिसरा. रिच स्ट्राइक चौथा.

टेक्सासवाल्याचा रात्रीच मेसेज, "ओके, यू वेअर राइट." इतक्या दिवसांत ज्या वाक्याची वाट बघत होतो ते आलं आणि मला चहासुद्धा गोड लागेना.

आज सकाळी बाबांचा फोन. त्यांनी निकाल वाचलेला, एकदम खूष. "लागला की रे तुझा एपिसेंटर! किती आले?"

मी विचारलं, बाबा, पुण्यात पाऊस आहे का अजून?