काकांचे डबे

रविवार, २० जुलै. रात्र.

दुपारपासून पाऊस ठाण मांडून बसलाय. आज महिन्याचा तिसरा रविवार, म्हणजे आम्हा फिल्मवेड्यांचा नौपाड्यात काकांकडे जमायचा दिवस. काकांना जाऊन पाच आठवडे झाले, तरी काकूंनी स्वतः फोन करून सगळ्यांना बोलावलं. "खिचडी टाकते, या. आणि ते फिल्मचे डबे कोण नेणार ते एकदा ठरवा, दिवाळीच्या आधी घर रिकामं करून द्यायचंय." त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आहे.

कळव्याच्या पोराने सवयीने भिंतीवर चादर लावली. नेहमीचेच दोन खिळे. पण प्रोजेक्टर लावायला कुणी उठेना. खिचडी झाली, पापड झाले, काकूंनी दोनदा ताक वाढलं, आणि चादर तशीच कोरी राहिली. घरी आल्यावर झोप येईना, म्हणून वही काढली.

आमचा हा उद्योग बाहेरच्यांना समजावताना माझी नेहमी दमछाक होते. जुन्या फिल्म जमवतो म्हटलं की लोक विचारतात, राज कपूरची आहे का? नाही हो. आमची रिळं लोकांनी घरच्या कॅमेऱ्यावर हौसेने काढलेली. कुणाची मुंज, कुणाची माथेरानची सहल, अंगणात रांगणारं कुणाचं तरी बाळ. घरातली जुनी माणसं गेली की माळ्यावरचा डबा भंगारात जातो, तिथून चोर बाजारात. तिथे आम्ही पिशव्या घेऊन उभे. बहुतेक माल आठ मिलीमीटर रुंदीच्या फिल्मचा, नाहीतर तिच्याच नंतरच्या सुपर एट प्रकारचा. एकदाच साडेनऊ मिलीमीटरचं रीळ हाती लागलं, पाथे या फ्रेंच कंपनीचं, फिल्म पुढे ओढायचं भोक दोन चित्रांच्या अगदी मधोमध असलेलं. ते बघताना काकांनी काकूंना जेवण तीनदा गरम करायला लावलं होतं.

कुणी 'हौशी' हा शब्द जरा नाक मुरडून उच्चारला की काका सावेदादांवर यायचे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. "स्टुडिओ नाही, कंपनी नाही. आपल्याकडचा सिनेमा हौसेतून निघालाय बाई, हौसेतून!" सावेदादांचा धंदाच फोटोग्राफीचा होता, मग ते हौशी कसे, हा प्रश्न माझ्या ओठांवर कायम असायचा. पण काकांशी वाद म्हणजे रात्रीची शेवटची गाडी चुकणार. मी कधी विचारला नाही. आता वाटतं, चुकू द्यायची होती एखादी.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला होते, ते हात शेवटपर्यंत तसेच राहिले. प्रोजेक्टरचा पट्टा वितळून डांबरासारखा चिकट झाला की लोक मशीन टाकून देतात. काका कॅलिपर घेऊन पुलीचं माप काढायचे, नागदेवी स्ट्रीटवरून तेवढ्याच मापाचं रबरी रिंग आणायचे, आणि मशीन सुरू. सुपर एटच्या बऱ्याच प्रोजेक्टरांना लागणारा १२ व्होल्ट १०० वॅटचा दिवा वैद्यकीय उपकरणांच्या दुकानात मिळतो, हेही त्यांनीच सांगितलं.

पण त्यांचं खरं काम नाकाचं. नवा डबा आला की आधी झाकण उघडून हुंगायचे. ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची फिल्म सडायला लागली की तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि एकदा सुटायला लागलं की तेच ॲसिड सडणं आणखी वाढवतं. शेजारच्या चांगल्या रिळांनाही त्याची झळ लागते. हे सगळं मला मागाहून कळलं. काकांनी पहिल्या दिवशी डबा नाकाशी धरून एवढंच विचारलं होतं, "चायनीजच्या गाडीवर ती मिरच्या घातलेली बाटली असते ना, तिचा वास येतो का?" आला. तो डबा लगेच वेगळ्या खोलीत गेला, झाकण किलकिलं ठेवून. ठाण्याच्या दमट हवेत रिळं प्लास्टिकच्या घट्ट डब्यात कोंडायची नाहीत आणि माळ्यावर तर नाहीच नाही, छप्पर तापतं. त्यांची रिळं आतल्या खोलीत, गोदरेजच्या कपाटात, खालच्या खणात. काकूंच्या साड्या वर सरकल्या त्या सरकल्याच.

वासानंतर माप. फिल्म जुनी झाली की आक्रसते. आठ मिलीमीटरच्या पट्टीवरची शंभर भोकं मोजायची, ताज्या पट्टीच्या शंभर भोकांशेजारी धरायची. नवी पट्टी ३८१ मिलीमीटर भरते. जुनी चार मिलीमीटर जरी कमी भरली, म्हणजे एक टक्का, तरी ती प्रोजेक्टरला द्यायची नाही. दाते भोकात बसत नाहीत आणि भोकं फाटतात.

हे मी शिकले ते नासधूस करून. पहिल्याच वर्षी एक रीळ मिळालं होतं. ना हुंगलं, ना मोजलं, त्याच रात्री घरी लावलं. फ्रॉकमधली एक मुलगी विहिरीपाशी उभी होती, कॅमेऱ्याकडे वळत होती, आणि फिल्म अडकली. दिव्यासमोर चित्र थांबलं. मधोमध तपकिरी फोड आला, पसरला, आणि भिंतीवर पांढरा उजेड. मला तर रडूच फुटलं. दुसऱ्या दिवशी तसंच रीळ घेऊन काकांकडे गेले, वाटेत ओरडा खायची तयारी करत.

काका ओरडले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवला, भिंग डोळ्याला लावलं. "किती गेल्या?" म्हणाले. तीन फ्रेम. "सेकंदाला सोळा फ्रेमच्या वेगाने सेकंदाचा पाचवा भाग. तेवढ्यात हसून झालं असेल तिचं." मग पात्याने जळका भाग काढला, दोन्ही टोकं टेपने जोडली, आणि त्या तीन फ्रेम बटर पेपरात गुंडाळून माझ्या हातावर ठेवल्या. "पाकिटात ठेव. पैशाच्या." अजून आहेत. मघाशी बाहेर काढून बघितल्या. तिसरीत फोडाच्या कडेला तिच्या वेणीची रिबीन दिसते.

गुरुवार, २४ जुलै.

आज बँकेतून अर्धी रजा काढून काकूंकडे गेले. यादी करायला घेतली आहे. बेचाळीस डबे.

काकांच्या लेबलांची आम्ही कायम थट्टा करायचो. सगळं जग डब्यावर 'मुंज' किंवा 'खंडाळा सहल' लिहितं. काका प्रश्न लिहायचे. "घोडागाडीतली बाई रडतेय, की ऊन डोळ्यावर?" "बटूच्या हातात घड्याळ कसं?" "हा घाट खंडाळ्याचा नव्हे. मग कुठला?" "टोपीवाला चारही रिळांत आहे, कुणाशी बोलत का नाही?" मी एकदा चिडून म्हटलं होतं, काका, यातून शोधायचं कसं? तर म्हणाले, "मुंज लिहिलं की पुढचा मुंजच बघतो. नीट कुणी बघत नाही मग."

एका डब्यावर मात्र प्रश्नाखाली वेगळ्या शाईत उत्तर आहे. तो दिवस मला लख्ख आठवतो. कोडॅक फिल्मच्या कडेला छोट्या खुणा छापायचं, गोल, चौकोन, त्रिकोण. त्यावरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळतं. अडचण अशी की दर वीस वर्षांनी त्याच खुणा फिरून येतात. त्या रिळाची खूण १९४२ चीही असू शकत होती आणि १९६२ चीही. माणसांच्या कपड्यांवरून आमचं भांडण जुंपलं. वाशीचे डॉक्टर चाळीसच्या दशकावर अडून बसले. काका मात्र भिंगाखाली एकेक फ्रेम सरकवत होते. पाऊण तासाने हाक मारली, "ये, वाच." रसवंतीगृहाबाहेरचा फलक, ठसठशीत रंगवलेला: एक ग्लास, अमुक न. पै. नवे पैसे! ते आले १ एप्रिल १९५७ ला, आणि १९६४ मध्ये त्यांच्या नावातला 'नवा' गेला. म्हणजे १९६२. डॉक्टरांनी त्या दिवशी सगळ्यांना मामलेदारची मिसळ खिलवली, झणझणीत.

एका डब्यावर नुसतंच लिहिलंय, "सत्यनारायण समुद्रात का?" आठ मिलीमीटरची फिल्म मुळात सोळा मिलीमीटर रुंद असायची. पंचवीस फूट एका बाजूने चित्रित करायचं, रीळ उलटवून दुसऱ्या बाजूने पुन्हा पंचवीस, आणि धुतल्यावर लॅबमध्ये मधोमध चिरून जोडून मिळायची. कुणीतरी विसरून तेच रीळ तिसऱ्यांदा कॅमेऱ्यात घातलेलं. त्यामुळे चौरंगावरून जुहूच्या लाटा जातात आणि भटजी गुडघाभर पाण्यात पोथी वाचतात. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा लागलेलं रीळ तेच.

खालच्या खणात, अगदी मागे, बिस्किटांच्या जुन्या डब्यात सुपर एटचं एक काडतूस निघालं, म्हणजे फिल्म भरलेली बंद डबी. कोडॅक्रोम ४०, कोडॅकची रंगीत फिल्म. धुतलेलं नाही. पुढच्या खिडकीत फिल्मच्या शेवटाला छापलेली 'एक्स्पोज्ड' अक्षरं दिसतात, म्हणजे पूर्ण चित्रित झालेलं. पन्नास फूट, अठराच्या वेगाने तीन मिनिटं वीस सेकंद.

मी जमिनीवरच बसले. काकांनी ते धुवायला का दिलं नाही, कळेना. कोडॅक्रोम घरी धुता येत नाही, तिचे रंग फिल्ममध्ये नसतातच, धुताना घालावे लागतात. ते करणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमध्ये होती, तिनेही २०१० च्या अखेरीस नवी रिळं घेणं थांबवलं. त्या वर्षी काका आम्हा प्रत्येकाच्या मागे लागले होते, कपाटं उचका, राहिलेलं काही असेल तर आत्ता पाठवा, नंतर रंग मिळायचा नाही. माझ्या मावशीचं एक रीळ त्यांनीच पॅक करून पाठवलं. आणि हे त्यांच्या स्वतःच्या खणात होतं.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ब्लॅक अँड व्हाईटमध्ये अजून धुऊन मिळतं परदेशात, काही ना काही दिसेल, पाठवूया. रविवारी सगळ्यांना विचारू.

फोन ठेवल्यावर काडतूस उलटं केलं. लेबल होतं. तेच अक्षर, निळी शाई, जरा विटलेली.

"यात काय आहे ते मला माहीत आहे."

स्वयंपाकघरात जाऊन काकूंना दाखवलं. त्या लसूण सोलत होत्या. चष्मा लावून दोनदा वाचलं. "मला नाही बाई माहीत," म्हणाल्या, आणि पदराला हात पुसून ते हातात घेतलं. बराच वेळ धरून बसल्या. मग म्हणाल्या, "वास घेऊन बघ."

घेतला. आंबूस नव्हता. बिस्किटांचा होता थोडा.

यादीत त्रेचाळीसावा आकडा घातला आणि पुढची ओळ कोरी ठेवली. डॉक्टरांना उद्या फोन करून सांगायचंय, एवढ्यात काही पाठवू नका.