बोअरचे पाणी आणि माझी जुनी पिकअप

माझ्याकडची डिझेल पिकअप आता चौदा वर्षांची झाली आहे. केज तालुक्यातल्या आमच्या गावातून सोयाबीन लातूरला न्यायचे आणि बीडहून खत, पाइप, पत्रे असे जे लागेल ते भरून आणायचे, हे तिचे काम. या कामात ती गेल्या तीन वर्षांत जितक्या वेळा रस्त्यात उभी राहिली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक वेळा दोष गाडीचा नव्हता, आम्ही तिच्या रेडिएटरमध्ये जे ओतत आलो त्या पाण्याचा होता. हे कळायला मला एक हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ठोकळा यांच्यामधली पट्टी, खर्ची घालावी लागली.

जूनचा पहिला आठवडा होता आणि पेरणीची घाई होती. बीडहून डीएपी खताच्या २४ गोण्या, म्हणजे बारा क्विंटल माल भरून निघालो. पाली मागे पडले, मांजरसुंब्याचा घाट सुरू झाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये चढत असताना तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकला. गाडी बाजूला घेतली. सोबतचा मुलगा फडके घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला निघाला होता, त्याला हात धरून मागे ओढले. ते झाकण आतला दाब धरून ठेवते आणि त्या दाबामुळेच आतले पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झाले की तेच पाणी वाफ होऊन थेट तोंडावर येते. पाऊण तास थांबलो. मग इंजिन चालू ठेवून थोडे थोडे पाणी घातले, कारण तापलेल्या हेडवर गार पाणी एकदम पडले तर त्याला तडा जाऊ शकतो.

गावी पोहोचल्यावर मिस्त्रींनी नेहमीचा उपाय सांगितला. “मालक, व्हॉल्व काढून टाकू. आपल्याकडच्या उन्हात त्याचं काय काम?” व्हॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट. मराठवाड्यातल्या जुन्या गाड्यांपैकी कित्येक गाड्यांत आज तो नसेल, अशी माझी खात्री आहे. हा सल्ला मला पटला नाही. थंड इंजिनात थर्मोस्टॅट बंद राहून पाणी आतल्या आतच फिरवतो आणि इंजिन तापले की रेडिएटरकडची वाट उघडतो. पुष्कळ इंजिनांत ती वाट उघडतानाच तो आतली आडवाट बंद करतो. त्यामुळे तो काढून टाकला तर बरेचसे गरम पाणी रेडिएटरला न जाता आतच घुमत राहते आणि ओझ्याची गाडी घाटात उलट जास्त तापते. शिवाय थंडीच्या दिवसांत इंजिन नीट गरम होत नाही, ते डिझेल जास्त खाते आणि काजळी धरते ते वेगळेच.

थर्मोस्टॅट तपासायला गॅरेजची गरज नसते. मी तो घरी आणला, पातेल्यात दोरीने लटकवला आणि दूध संकलन केंद्रातला थर्मामीटर शेजारी सोडला. (पातेले त्या दिवसापासून गोठ्यात गेले, हे सांगायला नको.) त्यावर ८२ हा आकडा कोरलेला होता, म्हणजे त्या अंशाला त्याने उघडू लागायला हवे होते. ८२ झाले, ९० झाले, पाणी खळखळ उकळू लागले आणि थर्मामीटर ९८ वर स्थिरावला. आमचे गाव समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर असल्याने पाणी शंभराच्या आधीच उकळते. तोवर व्हॉल्व जेमतेम केसभर उघडला होता. त्याच्या स्प्रिंगभोवती पांढरा, खरखरीत थर बसला होता आणि तो मला ओळखीचा वाटला, कारण आमच्या पाणी तापवायच्या बंबाच्या तळाशी अगदी तसाच थर असतो.

आमच्याकडची जमीन काळ्या बेसॉल्ट खडकाची आणि बोअरचे पाणी जड. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर धातूला चिकटतात आणि त्या थरातून उष्णता सहजासहजी बाहेर पडत नाही. रेडिएटर उघडायला दिला तेव्हा कारागिराने वरची टाकी झाळ काढून वेगळी केली आणि नळ्यांत पातळ सळई घालून दाखवली. तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नळ्यांत सळई शिरतच नव्हती. बाहेरची जाळी सोयाबीनच्या भुशाने आणि कापसाच्या तंतूंनी भरलेली होती. पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे कडे तर पूर्वीच्या कुठल्या तरी दुरुस्तीत काढले गेले होते आणि परत कोणी बसवलेच नव्हते. गाडी हळू चढत असते तेव्हा त्या कड्यावाचून पंखा जाळीतून हवा ओढायच्या ऐवजी बाजूचीच ओढतो.

थर्मोस्टॅट, नळ्या, जाळी आणि कडे हे सगळे नीट करूनही पाणी कमी होतच राहिले. थंड गाडी सुरू करून झाकण उघडे ठेवले, तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येत होते, आणि ऑइलची कांडी बाहेर काढली तर तिच्यावर दूध घातलेल्या चहाचा रंग, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळत होते. गॅस्केट गेली होती. हेड उतरवून लेथवर नेले, फेस मारून सपाट करून आणले आणि नवी गॅस्केट घातली. त्यानंतर आत गेले ते फक्त कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, निम्मे-निम्मे. हे पाणी ‘बॅटरीचे पाणी’ म्हणून कुठेही मिळते आणि चहाच्या दोन फेऱ्यांपेक्षा महाग पडत नाही.

बाकीच्या कुरबुरी त्या मानाने सरळ आहेत. पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, तुटतात ते जास्त माल भरायच्या आमच्या लोभाने. मात्र माझा मुख्य पाटा मधल्या बोल्टपाशी तुटला तेव्हा पाटा आवळून धरणारे यू-बोल्टही सैल निघाले. नवा पाटा घातल्यावर पाचेकशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळायचे असतात, हे कोणी सांगितले नव्हते. क्लच सोडताना खालून ‘टक्’ असा आवाज आला की शाफ्टचा क्रॉस, म्हणजे चाकांकडे फिरकी नेणाऱ्या दांड्याचा सांधा, पाहावा. तिथे ग्रीस मारताना चारही टोप्यांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत मारावे, एका बाजूने आले की थांबू नये. सकाळी गाडी बराच वेळ सेल्फ मारल्यावर सुरू होत असेल तर पंप-नोझलचा खर्च करण्याआधी डिझेलच्या पाइपांचे सांधे पाहावेत, कारण सैल सांध्यातून रात्रभरात डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते. माझ्याकडे दोष फिल्टरवरच्या एका कडक झालेल्या तांब्याच्या वॉशरचा होता. दिवे मंद झाले होते, तेव्हा डायनामो खोलायच्या आधी चासिसवरची अर्थिंगची वायर घासून पुन्हा बसवली आणि प्रश्न मिटला. ब्रेकच्या बाबतीत मात्र मी काटकसर करीत नाही. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली की सिलिंडर आणि लायनर दोन्ही बदलतो. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी आरटीओकडून फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला, करून घ्यावा लागतो, तेव्हा ते काम त्याच्याआधीच उरकतो.

यंदा जूनमध्ये तेवढाच माल भरून तोच घाट चढलो आणि काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही. कॅबिनमध्ये सीटमागे पाच लिटरचा कॅन कायम असतो. त्यावर आता मोठ्या अक्षरांत ‘गाडीचे पाणी’ असे रंगवून घेतले आहे, कारण गेल्या महिन्यात धाकट्या भावाने प्रवासात तोंड धुऊन तो रिकामा केला आणि परत येताना मोठ्या जबाबदारीने हापशावर काठोकाठ भरून आणला.