व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी

अन्यायाचा व्हिडिओ हाती आला की बोट आधी फॉरवर्डवर जातं, आणि गडबड तिथेच होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो किंवा व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की त्याचा दर्जा उतरतो. कधी, कुठे, कोणत्या फोनवर घेतला, ही फाईलमधली माहितीही गळते. दहा हातांतून फिरून आलेल्या फाईलवरून पुढे काही सिद्ध करणं मग अवघड जातं.

म्हणून मूळ फाईलला हात लावायचा नाही. काटछाट नाही, फिल्टर तर नाहीच. दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, पाठवायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. जमलं तर लगेच फाईलचा 'हॅश' काढा, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेली अक्षर-आकड्यांची ओळ. हा तिच्या अंगठ्याचा ठसा समजा: आत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. अर्थात त्यातून हॅश काढल्यानंतर फेरफार झाला नाही, एवढंच दाखवता येतं. त्याआधीचं नाही.

चित्रीकरण करताना एकच चौकट किमान दहा सेकंद स्थिर धरा, मग सावकाश आजूबाजूला फिरवा. पाटी, इमारतीचा आकार, रस्त्याचं वळण यांवरून नंतर जागा ओळखता येते. आणि मध्ये बोलू नका. 'बघा, बघा' या ओरड्याखाली नेमकी धमकी दबून जाते.

सर्वांत जास्त चुका होतात त्या चेहऱ्याच्या बाबतीत. चेहरा हलकासा धूसर केला की झालं, असं अनेकांना वाटतं. तेवढं पुरत नाही. मूळ फाईल तशीच ठेवून पाठवायच्या प्रतीवर पूर्ण काळा ठोकळा लावा. तरीही आवाज, गणवेश, गोंदण, काचेतलं प्रतिबिंब उरतंच. 'व्हिडिओ टाकू का?' एवढं विचारून संमती होत नाही. हा व्हिडिओ मालक पाहील, घरचे पाहतील, चालेल का, असं विचारावं लागतं. उद्या त्या व्यक्तीने नको म्हटलं, तर पसरलेला व्हिडिओ मागे घेणार कसा? १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम १२ खासगीपणाचंच आहे. हक्कांची मोहीम चालवणाऱ्यांनीच ते तुडवावं, हे फारच वाईट.

जुनाच फोटो नव्या घटनेचा म्हणून फिरतोय का, हे उलट प्रतिमाशोधाने, म्हणजे शब्दांऐवजी फोटोच टाकून इंटरनेटवर शोधल्यावर, बहुतेकदा दोन मिनिटांत कळतं.

राहिला मजकूर. तारीख, ठिकाण, काय झालं आणि मागणी कोणाकडे, हे लिहा. नुसत्या 'जाहीर निषेध'वर कोणत्याच अधिकाऱ्याला काही करावं लागत नाही. 'चौकशीचा अहवाल अमुक तारखेपर्यंत जाहीर करा' म्हटलं, की निदान त्या तारखेनंतर विचारता येतं.