चालू आहे म्हणजे वापरात आहे?

आज दिवसभर कॅम्पसमधल्या कॉम्प्युटर लॅबच्या वापराचा डेटा चाळत बसलो. सॉफ्टवेअर लायसन्सचं नूतनीकरण तोंडावर आलंय, आणि ‘मागच्या वर्षी होतं तेवढंच घ्या’ या पद्धतीचा मला मनापासून कंटाळा आहे.

मुलं लॉगआउट न करता उठून जातात आणि नोंदीत ते मशीन तासन् तास बिझी दिसतं. म्हणून नुसता लॉगिनचा वेळ बघून नवीन पीसी मागणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. कीबोर्ड-माउस हलतोय का, समोर कोणती विंडो उघडी आहे, हे धरलं की आकडे धाडकन खाली येतात.

मॅटलॅबसारख्या सॉफ्टवेअरचं कॉन्करंट लायसन्स, म्हणजे एका वेळी ठरावीक जणांनाच वापरता येईल असं, असेल, तर वर्षभरात किती जणांनी वापरलं हे गौण. एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण होते, ते बघायचं. आणि ही लायसन्स वाटणाऱ्या सर्व्हरच्या लॉगमधल्या ‘डिनाइड’च्या, म्हणजे नकाराच्या, ओळी! कुणाला हात हलवत परत जावं लागलं ते तिथेच कळतं. आज त्या सगळ्या सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी दाटीवाटीने सापडल्या.

‘वापर कमी, काढून टाका’ असंही लगेच म्हणवत नाही. एखादं पॅकेज मोजकेच संशोधक वापरतात, पण त्यांचं सगळं काम त्यावरच अडलेलं असतं. त्यांना आधी विचारायचं.

बैठकीसाठीच्या शीटमधून नावांचा कॉलम मात्र उडवलाय. कोण रात्री काय उघडून बसलं होतं, याच्याशी खरेदी समितीला काय करायचंय?