मागची पत्ती

लाकडाची पट्टी दाराच्या प्लायमध्ये घुसून अडकली होती. 25 मिलिमीटर जाड, 60 रुंद, जेमतेम हातभर लांब. टोक चौकोनी कापलेलं, धार अशी कुठेच नाही. तरी 6 मिलिमीटरचं पॅनेल फोडून ती चार बोटं आत गेली होती. करवतीच्या मशीनपासून दार पंधरा फुटांवर आहे. मधे, पट्टीच्या वाटेपासून वीतभर डावीकडे, माझी विद्यार्थिनी उभी होती.

तिला काही झालं नाही, साधा ओरखडाही नाही. म्हणूनच बाकीचे सगळे आठवडाभरात ते विसरले असावेत. पॅनेल बदललं, रजिस्टरमध्ये दोन ओळी लिहिल्या, विषय मिटला. माझ्या डोक्यातून मात्र तो जात नाही, आणि त्याचं कारण ती पट्टी नाही. पट्टी का उडाली ते मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर ती मुलगी जे बोलली, ते जात नाही.

मी सुतारकाम शिकवतो. नव्या तुकडीला पहिले तीन आठवडे मी विजेच्या बटणाला हात लावू देत नाही. रंधा, करवत, गुण्या आणि पटाशी, एवढंच. त्यातही निम्मा वेळ धार लावण्यात जातो. पटाशी 25 अंशांवर घासायची, मग टोकाला 30 अंशांची बारीक कड काढायची, पाठ आरशासारखी सपाट करायची. धार लागली की नाही हे बोट फिरवून बघायचं नसतं. पाइनचा तुकडा शिकंज्यात धरायचा आणि त्याच्या टोकावरून, जिथे रेषा तुटलेल्या दिसतात तिथून, पटाशी ढकलायची. सलग पापुद्रा निघाला तर धार लागली. लाकूड चुरडलं तर पुन्हा दगडाकडे. बोथट हत्यार कमी घातक असं नव्या मुलांना हमखास वाटतं. प्रत्यक्षात बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती निसटते, आणि निसटली की दुसऱ्या हातात जाते. म्हणून तुकडा शिकंज्यात आणि दोन्ही हात धारेच्या मागे. हे अंगात भिनायला तीन आठवडे लागतातच.

वरच्यांना हे तीन आठवडे फुकट गेलेले वाटतात. पाहुणे आले की त्यांना फिरतं पातं दाखवायचं असतं. एकदा तर मुलांना हातमोजे घालून टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर येणाऱ्या गोल पात्याच्या करवतीवर, उभं करा, फोटो काढायचेत, असा निरोप आला. मी नाही म्हणून सांगितलं. फिरत्या पात्याजवळ हातमोजा घालत नाहीत. दाताने बोट कापलं जातं, ते वाईटच, पण हातमोजा दातात अडकला तर तो अख्खा हात आत ओढून नेतो. सुरक्षिततेचे फोटो हवेत आणि सुरक्षितता माहीत नाही, हे मला अजून सहन होत नाही.

तर तो दिवस. उभा काप, म्हणजे फळी लांबीत चिरणं, शिकवायचा होता. सकाळी मी मशीन तपासलं. प्लग काढून दात पाहिले, फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरकवायची आडोशाची पट्टी, पात्याला समांतर आहे का ते पुढून आणि मागून मोजलं, पात्याची उंची लावली: फळीच्या वर दात पूर्ण दिसतील एवढीच. पुश स्टिक, म्हणजे फळी ढकलायची काठी, जागेवर ठेवली. चौथी गोष्ट पाहायची राहिली.

पात्याच्या मागे, त्याच रेषेत, एक स्टीलची पत्ती उभी असते. रायव्हिंग नाईफ. आमची मुलं तिला ‘मागची पत्ती’ म्हणतात. दिसायला मामुली. पण तिचं माप पाहिलं की ती किती विचार करून बनवली आहे ते कळतं. आमचं पातं 3.2 मिलिमीटरची फट पाडतं, त्याचं अंग 2.2 जाडीचं आहे, आणि पत्ती 2.5 ची. म्हणजे पात्याच्या अंगापेक्षा जाड, पण फटीपेक्षा पातळ. ती दातांपासून 8 मिलिमीटरच्या आत उभी राहते आणि फळी चिरली जात असताना फट मिटू देत नाही.

फट मिटते कशी, हे ज्याने कधी फळी चिरली नाही त्याच्या लक्षात येणार नाही. फळीत ताण कोंडलेला असतो. झाड वाकडं वाढलं असेल, वाळवताना वरचा थर आधी आकसला असेल, कुठे गाठ असेल. कापलं की तो ताण मोकळा होतो आणि दोन भाग एकतर फाकतात, नाहीतर एकमेकांकडे ओढले जातात. ओढले गेले तर पात्याच्या मागच्या बाजूला चिमटा बसतो. पुढचे दात खाली येतात, लाकूड टेबलावर दाबतात, पण मागचे दात वर येत असतात. चिमटा बसला की ते लाकूड उचलतात आणि पात्याच्या माथ्यावरून थेट कापणाऱ्याकडे फेकतात. दहा इंची पातं मिनिटाला 4000 फेरे घेतं, म्हणजे दातांचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास. आमच्या उभ्या कापाच्या पात्याला 24 दात आहेत. सेकंदाला 1600 दात एका जागेवरून जातात. हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. हात आधीपासूनच योग्य जागी असावा लागतो.

तिचा होता. ती पात्याच्या रेषेत नव्हती, डावीकडे होती. ढकलायला पुश स्टिक होती, त्या काठीचं टोक नंतर कापलेलं सापडलं. बाह्या वर, केस बांधलेले, गॉगल, कानांवर मफ. फळीच्या शेवटच्या टप्प्यात गाठ होती. मोटरचा सूर खाली आला, मला तो ऐकू आला, मी लाल बटणाकडे हात नेला, तोवर दारातून आवाज आला होता.

मशीन थांबल्यावर मी पात्यामागे पाहिलं. पत्ती नव्हती. आदल्या संध्याकाळी आमच्या मिस्त्रींनी ड्रॉवरच्या खाचा पाडल्या होत्या. आमच्या मशीनवर गार्ड, म्हणजे पात्यावरचं झाकण, पत्तीलाच बसतो, आणि खाच पाडताना काप आरपार जात नाही, त्यामुळे दोन्ही काढावे लागतात. त्यांनी काढले, काम झाल्यावर परत लावले नाहीत. मिस्त्रींचा हात सोन्याचा आहे, डोळे मिटून सांधा बसवतील. मी विचारल्यावर म्हणाले, “सर, मी तीस वर्षं त्या पत्तीशिवाय काम केलंय. दहाही बोटं शाबूत आहेत.” या वाक्याची मला भीती वाटते. ज्यांची बोटं गेली ते पुन्हा वर्कशॉपमध्ये येऊन सांगत नाहीत, त्यामुळे मुलांच्या कानावर फक्त शाबूत बोटंवाल्यांचं मत पडतं. पण त्या दिवशी मिस्त्रींवर रागावण्याचा हक्क मला नव्हता. मशीन तपासून “चालू कर” असं मी म्हणालो होतो.

दुपारी ती सावरल्यावर मी तिला विचारलं, “पत्ती नाही हे तुला दिसलं नव्हतं का?”

“दिसलं होतं सर.”

“मग?”

“तुम्ही आत्ताच तपासलं होतं ना. मला वाटलं, या कापाला लागत नसेल.”

आवाजात तक्रार नव्हती. तिने खरं तेच सांगितलं. दोनच दिवसांपूर्वी मी फळ्यावर चित्र काढून पत्ती समजावली होती आणि तिला ते नीट कळलं होतं. कळलेलं असूनही माझ्या शब्दाखातर तिने ते बाजूला ठेवलं. सगळ्या तुकडीत मी सांगितलेलं इतकं मन लावून पाळणारं दुसरं कोणी नव्हतं. तेच तिच्या जिवावर बेतत होतं.

नंतरच्या बैठकीत एका वरिष्ठांनी नवीन मशीनचा विषय काढला. स्टीव्ह गॅस या अमेरिकी माणसाने 1999 मध्ये शोधलेल्या तंत्राचं, कातडीचा स्पर्श होताच साधारण 5 मिलिसेकंदांत पातं थांबवणारं. उत्तम तंत्र आहे, परवडेल त्याने जरूर घ्यावं. पण त्या दिवशी पात्याला कोणाची कातडी लागलीच नव्हती. लाकूड उडालं होतं. हे मी समजावून सांगितलं. ऐकल्यावर त्यांनी बैठकीच्या इतिवृत्तात ‘विद्यार्थ्यांना सूचना द्याव्यात’ असं लिहिलं. सूचना कमी पडल्या नव्हत्या हो!

मी दोन बदल केले. लाल बटण आता कोणीही दाबू शकतं, कारण विचारायचं नाही. आणि कानांवर मफ असताना हाक ऐकू जात नाही, म्हणून उघडा तळहात उंच केला की समोरच्याने थांबायचं. मिस्त्रींनीही, मीही.

मग नवी तुकडी आली. चौथ्या आठवड्यात मी प्लग काढला, कोणाला न सांगता पत्ती काढून खणात ठेवली, सगळ्यांना भोवती बोलावलं आणि नेहमीसारखं मशीन तपासायला लागलो. दात, फेन्स, उंची. बारा मुलं होती. पत्ती त्यांना आदल्या दिवशीच शिकवली होती. मी फळी टेबलावर ठेवली, फेन्सला टेकवली, बटणाकडे हात नेला आणि थांबलो. मागच्या रांगेतल्या दोघांनी पात्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. एकाचा हात खांद्यापर्यंत वर आला आणि केस सारखे करून खाली गेला.

तळहात कोणी उंच केला नाही.

मी पत्ती खणातून काढून टेबलावर ठेवली. त्या मुलाचं तोंड उतरलं. सोमवारी मी फेन्स तिरका लावून ठेवणार आहे.